बी विंग पार्किंग: मागच्या चाकाची खरखर

बी-304: नमस्कार मंडळी. 3 आठवडे गाडी उभी होती. आज काढताना मागून फटाक् आवाज, मग खर्र खर्र. मागच्या दोन्ही ब्रेक डिस्क (चाकामागच्या लोखंडी चकत्या) तांबूस झाल्यात. गाड्या धुतल्याचं पाणी माझ्याच जागेत साचतं, हे मी मागच्या मीटिंगलाही बोललो होतो.

सेक्रेटरी: काका, तो विषय मिनिट्समध्ये आहे.

बी-304: मिनिट्समध्येच आहे 🙏

सी-502: डिस्क बिडाची, एका रात्रीच्या दमटपणानंही गंज धरते. चार-पाच ब्रेक मारले की निघून जातो. फटाक् झालं कारण हँडब्रेक ओढलेला होता, डिस्कला दाबून धरणारे ब्रेक पॅड तिला चिकटले.

बी-304: 20 किमी फिरवून आलो. मधला पट्टा चकचकीत, कडेला बोटभर गंज तसाच.

ए-203: माझ्या स्लॉटमध्ये स्कूटर कोणाची आहे?

सी-502: म्हणजे पॅड पूर्ण टेकत नाही. कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्या जाम असतील. आतली बाजू बघितली का? माझी डिस्क बाहेरून आरसा, आतून खवले. आतला पॅड पत्र्यापर्यंत संपलेला, बाहेरचा अर्धा शिल्लक!

ए-101: थोडं तेल मारा, आवाज जाईल 😂

सी-502: अहो, कोणीतरी खरंच मारेल. पॅड तेल पितात, मग गाडी थांबत नाही.

बी-304: पुढच्या डिस्क मात्र स्वच्छ आहेत.

सी-502: ब्रेक दाबला की भार पुढे जातो, जास्त काम पुढचेच करतात. त्यात तुम्ही चालवता हळू.

ए-101: काका ब्रेक कुठे मारतात, हॉर्न मारतात.

बी-304: गेटपाशी मुलं खेळतात म्हणून. कोणाची, ते सांगू का?

बी-405: आमच्या इलेक्ट्रिकचंही तेच. मोटरच गाडी हळू करते, डिस्कला काम नाही. आता आठवड्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर रीजन (मोटरचं ब्रेकिंग) कमी करून नीट ब्रेक मारतो.

ए-203: स्कूटर??

बी-304: गॅरेजवाला म्हणतो दोन्ही डिस्क बदला. पिनांचं नावही काढलं नाही.

सी-502: आधी जाडी मोजायला सांगा. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. खड्डे पडले असतील तर दोन्हीकडच्या बदला, पॅडसकट. पण पिना साफ करून ब्रेकचं ग्रीस लावलं नाही, तर नव्या डिस्कवरही हाच पट्टा उमटेल.

बी-304: उद्या 10 वाजता चाक काढतो. याल का?

सी-502: येतो. हँडब्रेक नको, चाकाला विटा लावून गिअरमध्ये ठेवा.

सेक्रेटरी: कृपया जॅक लावताना फरशी सांभाळा.

बी-304: फरशी पाण्याखाली आहे.

ए-203: आणि स्कूटर तिथेच आहे.