मदत हवी आहे: सिगारेटची चव बिघडवणारं च्युइंगम बाबांना द्यावं का?

नमस्कार मंडळी, गोव्यातल्या फोंड्याहून लिहितेय. बाबांची सिगारेट सोडवायचीय, वय ६४, शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे आणि आता जिना चढताना धाप लागते म्हणून ते स्वतःच म्हणाले की काहीतरी कर बाय. माझा मामेभाऊ मस्कतला असतो, त्याने कुठेतरी वाचलं की एक च्युइंगम असतं, ते चघळून सिगारेट ओढली की तोंडात इतकी घाण चव येते की माणूस ती फेकून देतो, आणि तो म्हणतो मी मागवून पाठवतो.

मी जरा शोधलं तर त्यात सिल्व्हर अ‍ॅसिटेट असतं म्हणे, म्हणजे चांदीचा क्षार, धूर लागला की धातूसारखी कडवट चव. पण १९९३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) उपयोग सिद्ध होत नाही म्हणून असलं गम दुकानात विकणं बंद केलं, आणि जास्त दिवस खूप खाल्लं तर चांदी अंगात साठून कातडी निळसर-राखाडी पडते आणि ती परत साफ होत नाही. हे वाचून मला भीतीच वाटली.

दुसरं म्हणजे गम चघळायचं बाबांनीच ना? घरी आमच्यासमोर चघळतील, पण तिस्क नाक्यावर मित्रांबरोबर पातळभाजी-पाव आणि चहा झाला की सिगारेट लागतेच, त्या दिवशी गम खिशातच राहणार. तलफ तर तशीच राहते, नुसती चव बिघडते. त्यात चवथ (गणेश चतुर्थी) आलीय, मूळ घरी सगळे काका जमणार, आरत्या झाल्या की मागच्या अंगणात पाकीट फिरतंच. कोणाच्या घरी हे वापरलंय का? खरं सांगा प्लीज.

प्रतिसाद:
ताई, ते नको. निकोटिन गम बघा, त्याने तलफच कमी होते. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिग्रॅ., नाहीतर २. साध्या गमसारखं सारखं चघळायचं नाही, तिखट लागलं की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की परत चावायचं. चहा-कॉफी झाल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. पण शुगर-बीपी आहे तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि १८००-११-२३५६ ही तंबाखू-सिगारेट सोडायला मदत करणारी सरकारी फोनलाइन (क्विटलाइन) आहे, फुकट, बाबांनाच बोलू दे, आमच्या भावाला त्या बोलण्याचाच जास्त आधार झाला.

धागाकर्ती:
खूप आभार, मामेभावाला नको म्हणून कळवते. पण बाबांना वरची कवळी आहे, गम चिकटतं. मग चघळायच्या गोळ्या की पॅच? पॅच फोंड्यात किंवा पणजीत कोणत्या फार्मसीत मिळतो, कोणी घेतलाय का? आणि बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात (जीएमसी) यासाठी कुठल्या ओपीडीत जायचं तेही माहीत असेल तर सांगा, चवथीआधी नेऊन आणायचंय.