मदत हवी आहे: हालचाल आणि मुक्तपतन, दोन्ही एकाच ड्रायव्हरमध्ये

नमस्कार,

एमएमए८४५२क्यू या अ‍ॅक्सेलरोमीटरच्या (त्वरण मोजणाऱ्या चिपच्या) लिनक्स आयआयओ ड्रायव्हरवर काम करतोय; आयआयओ म्हणजे लिनक्समधली सेन्सरांसाठीची व्यवस्था. उपकरण हातातून निसटलं तर आदळायच्या आत कळायला हवं, आणि कुणी हलवलं तर ते झोपेतून जागं व्हायला हवं.

मुक्तपतन जमलं. तिन्ही अक्षांवरचं मोजमाप एकाच वेळी थ्रेशोल्डच्या (ठरवलेल्या मर्यादेच्या) खाली गेलं की इव्हेंट (सूचना) येतो. थ्रेशोल्डची एक पायरी ०.०६३ जी (१ जी म्हणजे पृथ्वीचं गुरुत्वत्वरण), म्हणून ३ लिहिले, म्हणजे साधारण ०.१९ जी. स्थिर वस्तू कशीही ठेवा, कुठल्या तरी एका अक्षावर निदान ०.५८ जी असतंच, त्यामुळे पडून राहिल्यावर खोटी सूचना येत नाही. १०० हर्ट्झवर (सेकंदाला १०० मोजमापं) डिबाउन्स, म्हणजे किती मोजमापं तसं टिकायला हवं ते, १० ठेवलाय, म्हणजे १०० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात वस्तू जेमतेम ५ सेंटिमीटर खाली येते. उशीवर टाकून टाकून पाहिलं, दरवेळी पकडलं.

अडलंय ते हालचालीपाशी. दोन्हींसाठी चिपमध्ये एकच ब्लॉक आहे: त्याच्या सेटिंगमधला ओएई बिट १ असेल तर हालचाल, ० असेल तर मुक्तपतन. एक चालू केलं की दुसरं जातं. शिवाय हालचालीचा थ्रेशोल्ड ०.५ जी ठेवला तर टेबलावर नुसतं पडून असतानाही इंटरप्ट (चिपकडून प्रोसेसरला इशारे) येत राहतात. झेड अक्ष वगळला की थांबतात, पण उपकरण उभं धरलं की वाय अक्षावर पुन्हा तेच.

दुसऱ्या इव्हेंटची मागणी आली तर ड्रायव्हरने 'ईबिझी' (व्यस्त असल्याचा एरर कोड) परत करावं, की गुपचूप मोड बदलावा? गुपचूप बदलणं मला अजिबात पटत नाही. पडण्याच्या सूचनेवर विसंबलेल्या प्रोग्रॅमला ती बंद झाल्याचा पत्ताही लागणार नाही.

प्रतिसाद:

दोन्ही एकाच ब्लॉकमध्ये कोंबू नका. मुक्तपतन आहे तिथेच राहू द्या, हालचाल चिपमधल्या ट्रान्झियंट (क्षणिक बदल ओळखणाऱ्या) ब्लॉककडे न्या. त्यात हाय-पास फिल्टर आहे, गुरुत्वाचा स्थिर भाग गाळला जातो आणि फक्त बदल उरतो. फिल्टर बायपास करणारा बिट ० आहे ना, तेवढं बघा. दोन्हींचे इंटरप्ट वेगळे चालू करता येतात, त्यामुळे 'ईबिझी'चा प्रश्नच उरत नाही. आयआयओमध्ये मुक्तपतन 'फॉलिंग' म्हणून, तिन्ही अक्ष 'अँड'ने जोडून दाखवा. हालचाल 'रायझिंग', प्रत्येक अक्षाची वेगळी. कॉन्फिग रजिस्टर (चिपमधली सेटिंगची जागा) बदलण्याआधी चिप स्टँडबायमध्ये (मोजमाप थांबवलेल्या स्थितीत) न्या.

धागाकर्ता:

मनापासून आभार! टेबलावर आता शांत आहे, उचललं की लगेच जागं होतं. लॅच (सोर्स रजिस्टर वाचेपर्यंत इव्हेंट धरून ठेवणं) चालू असल्याने पहिल्या हालचालीनंतर मात्र सगळं ठप्प झालं होतं. हँडलरमध्ये ट्रान्झियंटचं सोर्स रजिस्टर वाचायचं राहिलं होतं. ते वाचल्यावर दोन्ही इव्हेंट नीट येताहेत.