पात्रता बघताना नेमकं काय बघतो?

"बाई आहे की पुरुष, गरिबाघरची की श्रीमंत, याच्याशी काय देणंघेणं? आम्ही पात्रता बघतो" हा नेत्यांबद्दल लिहिताना-बोलताना मांडला जाणारा मुद्दा ऐकायला बरा, पण एक उदाहरण बघा. ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या नेत्या अँजेला रेनर यांची शाळा १६व्या वर्षी सुटली, पुढे वृद्धांची देखभाल करण्याचं काम, मग युनियनमधून संसदेत. एप्रिल २०२२ मध्ये एका रविवारच्या वृत्तपत्राने निनावी खासदारांच्या हवाल्याने छापलं, की तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या ऑक्सफर्डमधल्या वादविवादाच्या तालमीपुढे रेनर यांचा टिकाव लागत नाही, म्हणून त्या पाय इकडेतिकडे करून जॉन्सन यांचं लक्ष विचलित करतात. एकाच बातमीत शिक्षणावरून टोमणा आणि शरीरावरून शेरा!

नाव बदलून वाचण्याची चाचणी, म्हणजे बाईच्या जागी पुरुषाचं नाव घालून तेच वाक्य खटकतं का ते बघणं, इथे अर्धवटच चालते. पुरुषाच्या पायांबद्दल असं कुणी लिहीतच नाही, मग तुलना कशाशी करणार? त्यापेक्षा एकाच आठवड्यातल्या, एकाच वृत्तपत्रातल्या, एक पुरुष आणि एक बाई अशा दोन प्रतिस्पर्ध्यांच्या बातम्या घ्या आणि दोन रकाने पाडा. एकात मतदान, विधेयकं, खात्याचं काम. दुसऱ्यात आवाज, कपडे, उच्चार, लग्न, मुलं. मग वाक्यं मोजा. विशेषणंही वेगळी काढा, कारण एकाच वागण्याला त्याच्या बाबतीत 'रोखठोक' आणि तिच्या बाबतीत 'आक्रस्ताळी' म्हटलेलं सापडतं.

मोजताना हमखास सुटतं ते कौतुक. "इतकं कमी शिकूनही किती छान बोलते" हे वाक्यही दुसऱ्याच रकान्यात जातं.