ॲलोकेशन, ॲलॉटमेंट, असाइनमेंट : तिन्हींना 'वाटप' कसं चालेल?

तळटीप :
बिनतारी संदेशवहनावरच्या एका पाठ्यपुस्तकाचं भाषांतर करते आहे. स्पेक्ट्रम (रेडिओलहरींच्या वारंवारतांचा सगळा पट) व्यवस्थापनाच्या प्रकरणात येऊन अडले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत पहिल्याच कलमात तीन व्याख्या एकापाठोपाठ येतात. वारंवारतांचा एखादा पट्टा एखाद्या सेवेसाठी (प्रसारण, हौशी रेडिओ, रेडिओ खगोलशास्त्र वगैरे) तक्त्यात नोंदला की ते ॲलोकेशन. परिषदेने मान्य केलेल्या आराखड्यात एखादी वाहिनी एखाद्या देशाच्या किंवा प्रदेशाच्या नावे लिहिली की ॲलॉटमेंट. आणि प्रशासनाने एका विशिष्ट रेडिओ केंद्राला ठरावीक अटींवर वारंवारता वापरायची परवानगी दिली की असाइनमेंट. म्हणजे सेवेला, देशाला आणि केंद्राला, असे तीन वेगळे धनी आहेत.

पहिल्या खर्ड्यात मी तिन्हीकडे 'वाटप' लिहिलं. तपासणाऱ्या अभियंत्यांनी माझं एक वाक्य अधोरेखित करून परत पाठवलं : 'पट्ट्याचे वाटप झाले म्हणजे वारंवारतेचे वाटप झाले असे नाही.' मूळ इंग्रजी वाक्य अगदी स्वच्छ आहे, मराठीत मात्र ते स्वतःलाच खोडून काढतं. नियतन, आवंटन, समनुदेशन असे तीन संस्कृत शब्द हाताशी आहेत, पण चार पानं पुढे गेल्यावर त्यातला कुठला कशासाठी हे माझ्याच लक्षात राहत नाही, विद्यार्थ्याच्या काय राहणार? ओळखीचे, एकमेकांत न मिसळणारे तीन शब्द हवेत. सुचवा.

शब्दवेल्हाळ :
ॲलोकेशनसाठी 'राखीव' का नको? अमुक पट्टा प्रसारणासाठी राखीव, तमुक पट्टा विमानांसाठी राखीव. मराठी वाचकाला क्षणात कळते.

कानसेन :
'राखीव' चालणार नाही. मी हौशी रेडिओवाला आहे म्हणून ठामपणे सांगतो. राखीव म्हटलं की दुसऱ्याला तिथे मज्जाव असा अर्थ होतो. तक्त्यात तर एकाच पट्ट्यात दोन-तीन सेवा शेजारी नांदतात, आणि त्याही सारख्या मानाने नाही. काही प्राथमिक, काही दुय्यम. दुय्यम सेवेच्या केंद्राने प्राथमिक सेवेला त्रास द्यायचा नाही आणि तिच्याकडून त्रास झाला तर संरक्षण मागायचं नाही. ४३० ते ४४० मेगाहर्ट्‌झ बघा. संघाने जगाचे तीन विभाग पाडलेत. पहिल्या विभागात या पट्ट्यात हौशी सेवा प्राथमिक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या विभागात आम्ही दुय्यम, तिथे रडारसारख्या स्थाननिश्चितीच्या सेवेचा मान मोठा. मग हा पट्टा नेमका कोणासाठी राखीव म्हणायचा?

आणखी एक. आम्हा हौशींना ॲलोकेशन आहे, पण सहसा असाइनमेंट नसते. परवाना मिळतो, कॉल साइन (हवेवर ओळख सांगायचं अक्षर-अंकी नाव) मिळते, पण 'ही तुझी वारंवारता' असं कोणी सांगत नाही. आधी ऐकायचं, जागा मोकळी दिसली की बोलायचं, दुसऱ्याचं चाललं असेल तर सरकायचं. तुमच्या अभियंत्यांनी अधोरेखित केलेलं वाक्य आमच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे, त्यामुळे ते मराठीत नीट उतरायलाच हवं.

तळटीप :
कानसेन, तुम्ही दुखरी नसच दाबलीत. त्या तक्त्यात प्राथमिक सेवा इंग्रजी मोठ्या अक्षरांत छापतात आणि दुय्यम साध्या अक्षरांत. फरक दाखवायची तीच खूण. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं कुठून आणू? सध्या प्राथमिक सेवा ठळक केल्यात, पण त्या पुस्तकात ठळक ठसा आधीच दुसऱ्या कामाला वापरलाय.

शब्दवेल्हाळ :
'राखीव' मागे घेतो. मात्र मूळ प्रश्नाआधी एक हरकत नोंदवू द्या. 'वारंवारता' हा शब्द शास्त्रीय लेखनात मुळीच नको. वारंवार म्हणजे पुन्हा पुन्हा, किती वेळा याचा पत्ता नाही. पाऊस वारंवार येतो, पाहुणा वारंवार येतो. एका सेकंदात किती आवर्तने, या मोजलेल्या राशीला इतका सैल शब्द? मराठी विश्वकोशात 'कंप्रता' आहे. तो वापरावा.

अर्धमात्रा :
शाळेत आम्ही सगळ्यांनी 'वारंवारता'च शिकलो. विज्ञानाच्या पुस्तकात तोच शब्द होता, आणि मी स्वतः वीस वर्षं तोच शिकवते आहे. एकाही मुलाला त्यामुळे राशी मोजता येत नाही असं झालेलं नाही. शब्द सैल असतो, व्याख्या त्याला आवळते. 'काम', 'बल', 'शक्ती' हे रोजचे शब्द पदार्थविज्ञानात किती घट्ट झाले बघा! आणि 'कंप्र' म्हणजे थरथरणारा, त्यामुळे कंप्रता म्हणजे मुळात थरथरतेपण. त्यातही संख्या कुठे आहे?

शब्दवेल्हाळ :
निदान त्यात कंपन आहे. वारंवारतेत तेही नाही.

जहाजी :
मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. आमच्या जुन्या संचांच्या तबकड्यांवर हर्ट्‌झ नव्हतंच, किलोसायकल होतं. हर्ट्‌झ हे नाव १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत घेतलं गेलं, पण जहाजावरची यंत्रं लवकर बदलत नाहीत. आणि तोंडी तर आम्ही वारंवारता सांगायचोच नाही, तरंगलांबी सांगायचो. ५०० किलोहर्ट्‌झला 'सहाशे मीटर' म्हणायचं.

त्या सहाशे मीटरची गोष्ट इथे लागू पडेल असं वाटतं, म्हणून लिहितो. ती संकटसंदेशाची वारंवारता. रेडिओ खोलीतल्या घड्याळावर लाल रंगाचे दोन त्रिकोणी घास रंगवलेले असत, एक पंधराव्या मिनिटापासून तीन मिनिटांचा आणि दुसरा पंचेचाळिसाव्यापासून. काटा लाल रंगात शिरला की जगभरच्या जहाजांनी त्या वारंवारतेवर गप्प बसायचं आणि फक्त ऐकायचं. एखादं दुबळं यंत्र, संपत आलेली बॅटरी, बुडतं जहाज यांचा आवाज त्या तीन मिनिटांत तरी कोणाच्या कानी पडावा यासाठी. २१८२ किलोहर्ट्‌झसाठी हिरवे घास होते, तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्याला. मी ती शांतता शेकडो वेळा ऐकली आहे. आधी बिनतारी ठोक्यांची गर्दी, आणि काटा लालवर आला की एकदम नुसती खरखर. १९९९ मध्ये उपग्रहावर आधारलेली नवी संकटव्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि ते संपलं. आम्ही मराठी माणसं त्याला आपापसांत 'राखण' म्हणायचो. कोणी शिकवलेला शब्द नव्हता. शब्दवेल्हाळांचा 'राखीव' वाचून तो आठवला.

अर्धमात्रा :
जहाजीकाका, हे वाचून अंगावर काटा आला. कृपा करून यावर स्वतंत्र धागा काढा.

तळटीप :
काका, 'राखण' मी वहीत लिहून ठेवला. पण माझे तीन धनी अजून बिनशब्दांचे आहेत हो.

ओलावा :
मला वाटतं उत्तर 'वाटप'मध्येच दडलंय. वाटणी हा शब्द 'वाट'वरून आला. प्रत्येकाला आपापली वाट मिळणं म्हणजे वाटणी. लहरींना तर वाटच हवी असते. मग सेवेला 'वाट', देशाला 'वाटा', केंद्राला 'वाटप' असं करा की. एकाच कुळातले तीन शब्द, लक्षात ठेवायला सोपे.

शब्दवेल्हाळ :
ही व्युत्पत्ती गोड आहे, पण खरी नाही. जुनी पुस्तके काढून पाहा. वांटा, वांटणी, वांटणें या सगळ्यांच्या डोक्यावर अनुस्वार आहे, रस्ता या अर्थाच्या 'वाट'वर नाही. १९६२च्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढले आणि दोन वेगळी कुळे एका घरात राहू लागली. वाटणीचे मूळ संस्कृत 'वण्ट्', म्हणजे भाग करणे. त्या अनुस्वाराने तो 'ण' जपून ठेवला होता. मला तो अनुस्वार गेल्याचे आजही वाईट वाटते.

ओलावा :
बरं, मान्य. पण मग 'वाटप' म्हणजे भाग करणं असेल, तर ॲलोकेशनला तो मुळातच चुकीचा ठरतो. कानसेन म्हणतात तसं तिथे भाग होतच नाहीत, एकाच पट्ट्यात सगळे राहतात.

कानसेन :
बरोबर. भाग खरोखर पडतात ते ॲलॉटमेंटमध्ये. नियमावलीच्या ३०-बी परिशिष्टाचा आराखडा घ्या. प्रत्येक देशाच्या नावे भूस्थिर कक्षेतली एक जागा आणि ठरलेले पट्टे लिहून ठेवलेत, त्या देशाकडे आज उपग्रह असो वा नसो. न घेतलेला वाटासुद्धा त्याच्याच नावावर राहतो. वाटणीपत्रकात असतं अगदी तसंच. म्हणून देशाला 'वाटा' हा ओलावांचा शब्द मला पटला, व्युत्पत्ती काहीही असो.

अर्धमात्रा :
इंग्रजीतही ॲलॉटमेंटच्या पोटात 'लॉट' आहे, म्हणजे चिठ्ठी टाकून आलेला वाटा. फ्रेंचमध्येही तोच, आलोतिस्मां. पण ॲलोकेशनला फ्रेंच लोक आत्रिब्यूस्यों म्हणतात, तिथे इंग्रजीची नक्कल नाही. म्हणजे प्रत्येक भाषेने आपल्या घरातलेच तीन शब्द शोधले. आपणही संस्कृतचे उपसर्ग जोडत बसण्यापेक्षा क्रियापदांकडे जावं. सेवेला पट्टा खुला करणं, देशाच्या वाट्याला वाहिनी देणं, केंद्राला वारंवारता नेमून देणं. वाक्यात घालून बघा : 'पट्टा सेवेला खुला झाला म्हणजे केंद्राला वारंवारता नेमून मिळाली असे नाही.' कुठे अडखळायला होतं का?

तळटीप :
ताई, हे वाक्य मी आत्ता मोठ्याने वाचलं. जसंच्या तसं घेते.

शब्दवेल्हाळ :
'नेमून देणे' यास माझा मनापासून पाठिंबा. नेम हा 'नियम'चाच मराठी झालेला रूपविशेष आहे. व्याख्येत 'ठरावीक अटींवर' असे जे आहे ते शब्दाच्या मुळातच आले. पेशवाईच्या कागदांत 'नेमणूक' म्हणजे ठरवून दिलेली रक्कमसुद्धा. म्हणून असाइनमेंट म्हणजे 'नेमणूक' असे नाम सरळ करावे.

कानसेन :
आज नेमणूक म्हटलं की नोकरीच डोळ्यांसमोर येते. 'केंद्राची नेमणूक' वाचून विद्यार्थी गोंधळेल. 'वारंवारतेची नेमणूक' म्हटलं तर कदाचित चालेल.

जहाजी :
एक सांगायचं राहिलं. तुम्ही वर 'स्पेक्ट्रम' तसाच ठेवलाय ते चांगलं केलंत. बातम्यांत मी 'ध्वनिलहरींचा लिलाव' असं वाचलंय आणि दर वेळी वैतागून जातो. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, रेडिओलहर ३ लाख किलोमीटर. ध्वनीला माध्यम लागतं, रेडिओ निर्वात पोकळीतूनही येतो. आमचा सगळा धंदाच त्या फरकावर उभा होता.

शब्दवेल्हाळ :
ध्वनिलहरी चूकच. पण स्पेक्ट्रम तरी कशाला? 'वर्णपट' आहे ना.

ओलावा :
रेडिओलहरींना कुठे रंग असतो?

शब्दवेल्हाळ :
वर्ण म्हणजे केवळ रंग नव्हे, अक्षरही. वर्णमाला म्हणतो ना? क्रमाने मांडलेल्या भिन्न घटकांचा पट तो वर्णपट. शिवाय न्यूटनने स्पेक्ट्रम शब्द रंगांसाठीच योजला होता. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसता 'दिसणे, आभास'. इंग्रजीने तो अदृश्य लहरींपर्यंत ताणला, आपण वर्णपट का ताणू नये?

अर्धमात्रा :
तर्क सुंदर आहे, पण माझ्या वर्गात वर्णपट म्हटलं की तीस मुलं एका सुरात 'तानापिहिनिपाजा' म्हणतात. 'तरंगपट' म्हणा, किंवा सरळ स्पेक्ट्रम.

कानसेन :
तरंगपट मला आवडला. पण खरी पंचाईत पुढच्या प्रकरणात येईल, आत्ताच सांगून ठेवतो : इंटरफिअरन्स. प्रकाशाच्या धड्यात 'व्यतिकरण' ठीक आहे, दोन लहरी मिळून पट्टे उमटतात. इथे तो अर्थ नाही. आणि नियमावलीत त्याचे तीन दर्जे आहेत : अनुज्ञेय, स्वीकृत आणि हानिकारक. हानिकारक म्हणजे जो दिक्‌चालनाला किंवा सुरक्षेच्या सेवेला धोक्यात आणतो, किंवा दुसऱ्याचं संदेशवहन गंभीरपणे बिघडवतो, अडवतो, पुन्हा पुन्हा तोडतो.

शब्दवेल्हाळ :
हस्तक्षेप.

जहाजी :
हस्तक्षेपात हेतू आला. शेजारच्या केंद्राचा हेतू नसतो, त्याची लहर फक्त सांडते. आम्ही 'व्यत्यय' लिहायचो.

अर्धमात्रा :
व्यत्ययला माझं मत. 'पुन्हा पुन्हा तोडतो' हे तर फार छान. शब्दवेल्हाळ, बघा, इथे वारंवार व्यत्यय हवाच!

शब्दवेल्हाळ :
तिथे वारंवार योग्यच आहे. माझी हरकत वारंवारतेला होती, आणि आहे.

तळटीप :
मंडळी, खर्डा आज रात्री पाठवायचा आहे. वाटा आणि नेमणूक तक्त्याच्या शीर्षकांत बसवले. पहिला रकाना रिकामा आहे. 'खुला करणे' वाक्यात छान बसतं, पण शीर्षकाला नाम हवं. 'खुलेपणा' नाही शोभत.

ओलावा :
'मोकळीक'?

कानसेन :
सेवेला पट्ट्यात मोकळीक. वाईट नाही. पण १४०० ते १४२७ मेगाहर्ट्‌झचं काय करणार? अवकाशातल्या हायड्रोजनमधून आपोआप येणारी १४२० मेगाहर्ट्‌झची लहर, म्हणजे हायड्रोजनची रेषा, तिथे ऐकतात, म्हणून त्या पट्ट्यात कोणीही काहीही प्रक्षेपित करायला बंदी आहे. तिथे रेडिओ खगोलशास्त्राला ॲलोकेशन आहे आणि सगळे गप्प आहेत. मोकळीक कसली?

ओलावा :
ऐकण्याची.

जहाजी :
आमच्याकडे त्यालाच राखण म्हणायचे.

शब्दवेल्हाळ :
मग पहिल्या रकान्यात 'राखण' लिहा की. मी आरंभी 'राखीव' म्हणालो ते फार दूर नव्हते.

कानसेन :
पुन्हा तेच. ४३० ते ४४०ला राखण कशी म्हणणार?

तळटीप :
सध्या पेन्सिलीने 'मोकळीक' लिहून पाठवते. आणि त्या मोठ्या अक्षरांचं कोणाला काही सुचलं का?