खानावळवाल्या बाईच्या गोष्टीला आवाज कुणाचा घ्यावा?

लालबागची_लेक:
नमस्कार मंडळी. माझ्या कादंबरीचं ऑडिओबुक होतंय आणि निवेदकापाशी गाडी अडलीय. गोष्ट सांगणारी बाई मालवणकडची, लालबागच्या चाळीत गिरणी कामगारांची खानावळ चालवणारी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू होतो, पंगत उधारीवर जेवू लागते, आणि तिथून तिची खरी परीक्षा. प्रकाशकांनी दोन नमुने पाठवलेत. एक जाहिरातींतला पुरुषी आवाज, खर्जातला, अगदी स्वच्छ. दुसरी नाटकातली बाई, गळा घोगरा. पण 'जेवलंस काय रे?' असं म्हणाली की समोर ताट आलं. प्रकाशकांना पहिला हवाय. माझं मन दुसरीकडे. तुम्ही काय कराल?

कन्सोलवाला:
ताई, उतारा कुठला दिला होता? पहिलं पान सगळेच छान वाचतात. दोघांनाही पंगतीचं प्रकरण द्या, चौघं एकदम बोलतात ते. कोण बोलतंय ते कळायला हवं, पण त्यासाठी नकला नकोत. वेग आणि श्वास जरा बदलला तरी पुरतं. नक्कल पुस्तकभर टिकत नाही, पहिल्या प्रकरणातला जॉबर (गिरणीतला मुकादम) दहाव्यात वेगळाच माणूस वाटायला लागतो.
घोगरेपणाचं म्हणाल तर घोगरा गळा वेगळा आणि थकलेला वेगळा. तिच्याकडून सलग तासभर वाचून घ्या आणि पहिली-शेवटची पाच मिनिटं पाठोपाठ ऐका. फरक पडला तर रोजची रेकॉर्डिंगची वेळ कमी ठेवा, बाई बदलू नका.

विरार_फास्ट:
मी लोकलमध्येच ऐकते. खर्जातला आवाज गाडीच्या घरघरीत बुडतो, शब्द शोधत बसावे लागतात. दोन्ही नमुने इअरफोन लावून गाडीत ऐका, वेग दीडपट करूनही ऐका, कारण बरेच जण तसंच ऐकतात. आणि 'चाळ'मधला च 'चहा'सारखा उच्चारणारा वाचक कृपया नको! गिरणगावाची गोष्ट आहे, कानाला लगेच खटकतं.

लालबागची_लेक:
पहिल्या नमुन्यात नेमकं तेच झालंय, 'चाळीत' दोनदा तसंच. पंगतीचं प्रकरण दोघांना पाठवते आणि गाडीतली चाचणी प्रकाशकांनाच करायला लावते. मालवणी संवादांवर खुणा करून देऊ का?

कन्सोलवाला:
द्या. उच्चार, गावांची नावं, आडनावं लिहा. 'इथे रडवेली' वगैरे मात्र काही लिहू नका, नटीला ते संवादातूनच कळतं.