हात खिशाकडे जातो, तो कोणाचा?

धुऱ्यावरून:
तुकडोजी महाराजांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज उभारलं. तिथलं पहाटेचं सामुदायिक ध्यान आमच्या गावात अजून चालते. परवा बसलो, तर दहा मिनिटांत तीनदा हात खिशाकडे गेला. फोन घरी होता! तेव्हापासून वाटते, फोनले दोष देऊन भागत नाही. लक्ष आपलं, ते राखणंही आपल्याच अंगावर. तुम्हाला काय वाटते?

वेचणीवाली:
भाऊ, पटलं नाही. तुम्ही पहाटे ध्यानाला बसता, तेव्हा मी चूल पेटवते. शेतातल्या पंपाला लाईन (वीज) रात्रीची, म्हणून घरचे ओलिताला गेलेले. मजुरीचा निरोप फोनवर येतो, तो दूर ठेवू कसा? एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप लावणाऱ्या कंपन्यांना कोणी बोलत नाही. आमालेच काऊन शिकवता?

एक साधक:
नागपूरला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. फोन सुरुवातीलाच जमा. पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा. मन किती पळते ते मला तिथं पहिल्यांदा दिसलं. पण घरी आलो आणि महिनाभरात जसंच्या तसं. म्हणून ताईंचं थोडं पटते. कोणी फोन काढून घेतला म्हणून ती सवय आपली होत नाही.

वेचणीवाली:
अजून एक सांगते. फुटलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. बोटं नेमकी आत घालायची, कापूस ओढायचा, वाळली पानं झाडालाच राहू द्यायची. लक्ष हललं की बोट रक्ताळते, ओटीत कचरा येतो. दिवसभर हेच करते मी. याला कोणी ध्यान म्हणत नाही.

धुऱ्यावरून:
मी म्हणतो, ताई. हे ध्यानच आहे, आणि माझ्यापेक्षा पक्कं. कंपन्यांचंही तुमचं खरं, त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण बोंड टोचून सांगते की लक्ष गेलं. फोन टोचत नाही, तास निघून जातो. ते कळायला मला बसावंच लागते, दुसरा उपाय सापडला नाही. पहाटे जमत नसेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेला या.

वेचणीवाली:
प्रार्थनेच्या वेळी माझ्या तव्यावर भाकर असते. ती अर्धा तास घरातलं दुसरं कोणी पाहत असेल, तर येईन. तुमच्या प्रार्थनेच्या मंडळात हे आधी बोला.