अमेरिकाना / ब्लूग्रास लाइव्ह ऐकायला जायचंय, आपले पैसे कलाकारापर्यंत पोचतात का?

उशिरा_जागा:
मंडळी, मी बॉस्टनजवळ राहतो. गेली दोनेक वर्षं अमेरिकाना, ब्लूग्रास, जुनं फोक असलं, म्हणजे गिटार-बॅन्जो-फिडलवरचं अमेरिकन लोकसंगीताच्या वळणाचं, भरपूर ऐकतोय पण सगळं फोनवर, कारमध्ये, भांडी घासताना वगैरे. परवा पहिल्यांदाच एका छोट्या हॉलमध्ये प्रत्यक्ष ऐकलं. एक गाणारी बाई, गिटार, आणि सोबत एक फिडलवाला (फिडल म्हणजे व्हायोलिनच), बास. मी मधेच मित्राच्या कानात काहीतरी सांगत होतो (अगदी हळू हां) तर पुढच्या रांगेतल्या आजींनी मागे वळून असं काही बघितलं की उरलेला तास मी खोकलोसुद्धा नाही.

पण डोक्यात राहिलंय ते वेगळंच. कार्यक्रम संपला आणि तीच बाई बाहेर टेबल मांडून सीडी नि टीशर्ट विकायला उभी, कार्ड मशीनही तीच चालवतेय. तिकीट २५ डॉलर, माणसं पन्नासेक. म्हणजे गल्ला साडेबाराशे, त्यातून हॉलवाले, फिडलवाला, गॅस, मोटेल... उरतं काय हिला? मी तिची गाणी शेकडो वेळा ऐकली असतील, त्याचे तिला काही मिळतात की नाही? आणि खरंच हातभार लावायचा तर काय करावं? सीडी घ्यायची तर प्लेअर नाही घरी.

बॅन्जोबुवा:
शेकडो वेळा ऐकल्याचे तिला फार तर डॉलरभर मिळाले असतील. एका प्लेला एका सेंटचाही अर्धा भाग पडत नाही, आणि तोही आधी रेकॉर्ड कंपनी वगैरे असेल तर त्यांच्यातून फिरून येतो. त्यात स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय की वर्षभरात १००० प्ले झाले नाहीत तर त्या गाण्याचे शून्य. रेडिओची गंमत तर अजून भारी, अमेरिकेत एफएम स्टेशनं गाणं लिहिणाऱ्याला पैसे देतात, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला कायद्याने एक छदामही द्यावा लागत नाही. त्यामुळे या लोकांची चूल पेटते ती दारावरच्या तिकिटावर आणि त्या टेबलावर.

प्लेअर नसला तरी सीडी घे रे! गाडीत ठेव, कोणाला तरी दे. आणि नुसतं कार्ड पुढे करण्याआधी हळूच विचार की हॉल यातून काही कापतो का, काही ठिकाणी मालाच्या विक्रीतही वाटा घेतात. कापत असतील तर घरी येऊन बँडकॅम्पवरून (कलाकार थेट आपली गाणी विकतात ती साइट) घे, तिथे डिजिटलवर १५ टक्के नि वस्तूंवर १० टक्के जातात, वर थोडी कार्डाची फी, बाकी कलाकाराला. मेलिंग लिस्टच्या वहीत नाव लिहायला विसरू नकोस, पुढच्या वेळी ती तुझ्या गावात येणार की नाही हे त्या वहीत किती नावं आहेत त्यावर ठरतं.

ओसरीवरची:
आम्ही नवरा-बायको गेली काही वर्षं घरी हाऊस कॉन्सर्ट करतो, म्हणून लिहिते. सरळ आपली घरगुती बैठक समजा. दिवाणखान्यातला सोफा गराजमध्ये, तीस-पस्तीस खुर्च्या, माइक बहुतेक वेळा लागतच नाही. दाराशी एक बरणी, माणशी २० डॉलर सुचवलेले, जमलेली सगळी बिदागी कलाकाराची, आम्ही त्यातला पैसा घेत नाही. वर जेवण आणि झोपायला खोली, म्हणजे मोटेलचे वाचले. जाहिरात करत नाही, ओळखीच्यांनाच बोलावतो.

लोकांना वाटतं शनिवारची संध्याकाळ महत्त्वाची. उलट आहे. शनिवार त्यांचा कुठेतरी लागलेलाच असतो, मंगळवार-बुधवार रिकामा जातो आणि रस्त्यावर असताना रिकामा दिवस म्हणजे नुसता खर्च. आमच्याकडे येणारे बहुतेक आठवड्याच्या मधल्या दिवशीच येतात.

वैताग एकच, येतो म्हणून सांगून न येणारी माणसं. एकदा चाळीस हो म्हणाले नि सतरा आले, तो बिचारा सतरांसाठीही जीव तोडून वाजवत होता, मला मात्र वर बघवेना.

आणि घरात मैफल म्हणजे काही दुय्यम प्रकार नाही हं. 'द बँड' या जुन्या रॉक ग्रुपचा ड्रमर-गायक लेव्हन हेल्म, घशाच्या कॅन्सरनंतर औषधपाण्याची बिलं अंगावर होती तेव्हा २००४ च्या सुमारास वुडस्टॉकला स्वतःच्याच बार्नमध्ये (घराच्या कोठारात) 'मिडनाइट रॅम्बल' नावाच्या मैफली सुरू केल्या त्याने, लोक लांबून लांबून तिथे जायचे.

खर्जातला_सा:
आजींचा मुद्दा राहिला. लिसनिंग रूम नावाचा प्रकार आहे तो, तिथे गप्प बसायचंच. नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेत जेमतेम ९० खुर्च्या, गाणी लिहिणारेच गोल करून मधे बसतात, आणि बोललात की गप्प करतात. ठीक आहे, शब्द ऐकायचे असतात.

पण म्हणून सगळीकडे चर्चमध्ये बसल्यासारखं बसू नका राव. हे संगीत मुळात नाचाचं पण आहे. टेक्सासमधला ग्रीन हॉल (Gruene) १८७८ चा आहे, तिथे जोड्या लाकडी फरशीवर फिरत असतात नि बँड त्यांच्याकडे बघून लय सांभाळतो. ब्लूग्रासमध्ये मँडोलिनवाल्याने सोलो संपवला की गाणं चालू असतानाच टाळ्या पडतात, आपण समेवर दाद देतो तसंच, तिथे गप्प बसलात तर त्यालाच वाटेल काहीतरी चुकलं.

नॅशव्हिलच्या ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या बारच्या रस्त्यावर, तिकीट नसतं म्हणून लोक फुकट समजतात. तिथले वाजवणारे मुख्यतः टिपवर जगतात, बादली फिरते ती शोभेला नाही. तीन गाणी ऐकून दुसऱ्या बारमध्ये जाणार असाल तरी आधी नोट टाका. फर्माईश करणार असाल तर मोठी नोट.

ओसरीवरची:
@खर्जातला_सा फर्माईशीवाल्यांनी आमच्याकडेही उच्छाद मांडलाय. माणूस स्वतःची गाणी घेऊन आलाय आणि याला पन्नास वर्षांपूर्वीचं हिट हवंय.

फिरस्ती:
बॉस्टनजवळ आहात म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा असं झालंय तुमचं :) केंब्रिजचं क्लब पासिम १९५८ ला क्लब ४७ म्हणून सुरू झालं, ना-नफा तत्त्वावर चालतं, तिथे मेंबर व्हा. थोडं ड्राइव्ह चालत असेल तर साराटोगा स्प्रिंग्जचं कॅफे लीना, १९६० पासून सुरू आहे. अशा जागा टिकल्या तर फिरणाऱ्यांना थांबायला ठिकाणं राहतात, नाहीतर मधला दोन-तीनशे मैलांचा पट्टा कोरडाच.

दुसरं, ओपनिंग अ‍ॅक्टला वेळेवर जा. तो म्हणजे मुख्य कलाकाराच्या आधी वाजवणारा, बऱ्याचदा नाममात्र पैशांवर वाजवत असतो आणि अर्धे लोक तेव्हा पार्किंग शोधत असतात.

अजून एक, फक्त नावाजलेल्यांच्या मागे धावू नका. नॉर्थ कॅरोलिनात जो थॉम्पसन म्हणून कृष्णवर्णीय फिडलवादक होते, गायिका-बॅन्जोवादक रिआनन गिडन्स आणि तिचे सोबती, म्हणजे पुढे ज्यांचा कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड झाला ते, त्यांच्या घरी जाऊन गुडघ्याला गुडघा लावून शिकले. थॉम्पसन तेव्हा ऐंशीच्या पुढे. त्या पिढीतले फार थोडे उरले असतील. बॅन्जो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या हातून आलाय हे कित्येकांना अजून माहीत नसतं, असे म्हातारे वाजवताना बघितले की ते पुस्तकाशिवाय कळतं. दक्षिणेतल्या अशा वयस्कर कलाकारांना औषधं, घरभाडं, कार्यक्रम यासाठी मदत करणारी म्युझिक मेकर फाउंडेशन नावाची संस्था १९९४ पासून आहे, देणगी द्यायची तर तिथे द्या.

बॅन्जोबुवा:
+१ ओपनिंग अ‍ॅक्टला. मी स्वतः एकदा वाजवलंय तसं, समोर अकरा माणसं, त्यातले चार स्टाफ.

उशिरा_जागा:
बापरे, एवढं लिहिलंत सगळ्यांनी! त्या बाईच्या साइटवर जाऊन आत्ताच दोन अल्बम घेतले. आणि पासिमची पुढच्या गुरुवारची दोन तिकिटं काढली. मित्राला सांगितलंय, ओपनिंगच्या आधी पोचायचं आणि जे काय सांगायचं ते मध्यंतरात.

@ओसरीवरची, तुम्ही कुठल्या भागात आहात? मला खुर्च्या उचलता येतात.

ओसरीवरची:
व्हर्माँट. विपू (विचारपूस, म्हणजे खाजगी निरोप) करते. येतो म्हणून सांगितलंत तर यायचं मात्र.